सिलिकॉन व्हॅलीचा मतदारसंघ: मोजले जाणारे, मत देणारे आणि कामाला येणारे

सनीवेल, सँटा क्लॅरा, क्युपर्टिनो, मिल्पिटास. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच घरांत ही नावं ठाणे-डोंबिवलीइतकीच सहज घेतली जातात. ही चारही गावं, सॅन होजे शहराचा उत्तरेकडचा भाग आणि फ्रीमाँटचा काही भाग मिळून अमेरिकन काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, एक मतदारसंघ होतो, कॅलिफोर्नियाचा १७वा. तिथे मतदारसंघांना नावं नसतात, क्रमांक असतात. हवाई सोडून बाकीच्या अमेरिकेत आशियाई वंशाच्या लोकांचं बहुमत असलेला हा पहिला मतदारसंघ. घरटी उत्पन्नातही तो देशात अगदी वरच्या रांगेत आहे.

याच्याबद्दल "अमेरिकेतला सर्वांत श्रीमंत भारतीय मतदारसंघ" अशी वाक्यं सर्रास फिरतात. त्यात थोडं तथ्य आहे आणि बरीच गफलत आहे. मतदारसंघाचं प्रोफाइल, म्हणजे तिथल्या माणसांची आकडेवारी, वाचताना प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारायचा असतो: यात नेमकं कोणाला मोजलंय? तिथे राहणारे, तिथे मत देणारे आणि तिथे कामाला येणारे हे तीन वेगळे समूह आहेत. त्यांची सरमिसळ झाली की आकडा खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

साडेसात लाखांचा साचा

काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, ४३५ जागा आहेत. ही संख्या विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून जवळपास तशीच आहे. लोकसंख्या वाढली तरी जागा वाढत नाहीत, फक्त राज्याराज्यांत फिरतात. २०२० च्या जनगणनेनंतर एका मतदारसंघाची सरासरी लोकसंख्या ७ लाख ६१ हजार झाली आणि कॅलिफोर्नियाच्या जागा इतिहासात पहिल्यांदाच कमी झाल्या, ५३ वरून ५२. त्याच खेपेला न्यूयॉर्कची एक जागा अवघ्या ८९ माणसांनी गेली. म्हणजे तेव्हा आणखी ८९ लोक मोजले गेले असते, तर ती जागा राहिली असती.

१९६४ मध्ये 'वेसबरी विरुद्ध सँडर्स' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की एका राज्यातले काँग्रेसचे मतदारसंघ लोकसंख्येने शक्य तितके समान हवेत. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक मतदारसंघात सुमारे ७ लाख ६० हजार माणसं बसवावी लागतात. आता १७व्याचं गणित बघा. २०२० च्या जनगणनेत सनीवेलमध्ये १,५५,८०५, सँटा क्लॅरात १,२७,६४७, मिल्पिटासमध्ये ८०,२७३ आणि क्युपर्टिनोत ६०,३८१ लोक होते. बेरीज ४ लाख २४ हजार. उरलेले जवळजवळ ३ लाख ३६ हजार शेजारून आणावे लागतात. म्हणून सॅन होजेचा एक तुकडा येतो, फ्रीमाँट कापलं जातं आणि मतदारसंघ दोन काउंटींमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांत, पसरतो. 'फ्रीमाँटचा आकडा' आणि 'मतदारसंघाचा आकडा' म्हणूनच एक नसतात.

पिनकोडवरून मतदारसंघ ठरवायचा मोह होतो, तोही आवरावा. टपालखात्याचे झिपकोड पत्रं वाटण्यासाठी आखलेले असतात. एकच झिपकोड दोन मतदारसंघांत असू शकतो, त्यामुळे शोधताना पूर्ण पत्ता टाकावा.

२०२१ चा नकाशा कॅलिफोर्नियाच्या नागरिक आयोगाने आखला. त्यात १४ सदस्य असतात: पाच डेमोक्रॅट, पाच रिपब्लिकन आणि चार या दोन्ही पक्षांचे नसलेले. २०२२ आणि २०२४ च्या निवडणुका त्या नकाशावर झाल्या. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारांनी थेट मतदानाने प्रस्ताव ५० मंजूर केला आणि २०२६ पासूनच्या निवडणुकांसाठी विधिमंडळाने केलेला नवा नकाशा आला. या लेखातलं वर्णन २०२१ च्या नकाशाचं आहे. जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करताना हमखास ठेच लागते ती इथे. क्रमांक १७च राहतो, हद्द बदलते. जनगणना विभागाच्या वार्षिक पाहणीत २०२१ पर्यंतचा '१७वा' जुन्या हद्दीचा आहे आणि २०२२ पासूनचा आयोगाच्या हद्दीचा. या दोन वर्षांमध्ये दिसलेली वाढ किंवा घट खऱ्या बदलाची असेलच असं नाही. कदाचित एखादी वस्ती आत आली असेल आणि दुसरी बाहेर गेली असेल.

आकडे येतात कुठून

दहा वर्षांनी होणारी जनगणना मोजकंच विचारते: डोकी, लिंग, वय, वंश, घरातलं नातं आणि घर मालकीचं की भाड्याचं. उत्पन्न, शिक्षण, भाषा, घरभाडं, नागरिकत्व हे सगळं 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' नावाच्या वेगळ्या पाहणीतून येतं. लोक तिला एसीएस म्हणतात. वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांवर तिचा फॉर्म जातो. ६५ हजारांवर लोकसंख्या असलेल्या भागांसाठी एका वर्षाचे आकडे देतात, त्याहून लहान भागांसाठी पाच वर्षांचे एकत्र. मतदारसंघ मोठा असल्याने त्याचे दोन्ही मिळतात. क्युपर्टिनोचे मात्र पाच वर्षांचेच घ्यावे लागतात. मतदारसंघाचा एका वर्षाचा आकडा आणि क्युपर्टिनोचा पाच वर्षांचा आकडा शेजारीशेजारी ठेवून तुलना करू नये. दोन्हीकडे पाच वर्षांचाच घ्यावा.

हा फॉर्म जरा जवळून बघण्यासारखा आहे. समजा सनीवेलमधल्या दोन बेडरूमच्या भाड्याच्या घरात पुण्याहून आलेलं जोडपं राहतं. दोघंही एच-१बी व्हिसावर, चार वर्षांची मुलगी तिथेच जन्मलेली, आणि नातीला सांभाळायला आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आलेले. फॉर्मवरची सूचना अशी आहे की जो कोणी या घरात दोन महिन्यांहून जास्त काळ राहतोय किंवा राहणार आहे, त्याला मोजा. म्हणजे आजी-आजोबाही मोजले जातात. मग त्या एका कागदावर काय उमटतं? पाच जणांचं घर, तीन पिढ्या एकत्र, दोन ज्येष्ठ, बहुधा कमाई नसलेले, आणि आजींनी 'इंग्रजी फार चांगलं येत नाही' असं सांगितलं तर तीही नोंद. घराचं उत्पन्न तेवढंच राहतं, पण दरडोई उत्पन्न दोन पंचमांशाने उतरतं. दहा वर्षांच्या जनगणनेत मात्र नेहमीचं राहण्याचं ठिकाण विचारतात, त्यामुळे पाहुणे आलेले आजी-आजोबा त्यात येत नाहीत. दोन पाहण्यांचे आकडे जुळले नाहीत की लोक कुणीतरी गडबड केली म्हणतात. खरं तर नियमच दोन आहेत.

याच घरातल्या पाचांपैकी अमेरिकन नागरिक एकच आहे, चार वर्षांची मुलगी. जागा वाटताना आणि मतदारसंघ आखताना या घरात नेहमी राहणारे तिघंही धरले जातात. मतदार यादीत मात्र या घरातून एकही नाव जात नाही.

मत कोणाला आहे

या मतदारसंघात राहणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे अमेरिकेबाहेर जन्मले आहेत. त्यातले अनेक नागरिक झालेत, अनेक ग्रीनकार्डवर आहेत आणि मोठा भाग कामाच्या किंवा कुटुंबाच्या व्हिसावर. नोकरीवर आधारित ग्रीनकार्डांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. भारतीयांची रांग त्यामुळेच इतकी लांबते. ग्रीनकार्ड हातात आल्यावरही नागरिकत्वाच्या अर्जासाठी साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं. 'भारतीय लोकसंख्या' आणि 'भारतीय मतदार' यांत म्हणूनच इथे मोठं अंतर आहे, आणि ते अंतर लोकांच्या उदासीनतेचं नाही, कायद्याचं आहे.

नेमका आकडा हवा असेल तर जनगणना विभागाच्या डेटा संकेतस्थळावर जाऊन 'डीपी०५' हा तक्ता काढायचा, भूभाग म्हणून काँग्रेसचा मतदारसंघ निवडायचा आणि अगदी तळाशी जायचं. तिथे १८ वर्षांवरच्या नागरिकांची संख्या दिलेली असते. तिला एकूण लोकसंख्येने भागा. हा भागाकार जितका लहान, तितका तिथल्या एका मतामागे मत नसलेल्या माणसांचा भार जास्त. राजकीय विश्लेषणासाठी वंशाची टक्केवारी याच गटाची घ्यावी, एकूण लोकसंख्येची नाही. बरेच लेख नेमकं उलट करतात.

इथल्या निवडणुकीची पद्धतही लक्षात घ्यावी. कॅलिफोर्नियात प्राथमिक फेरीतले पहिले दोन उमेदवार पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे असले तरी चालतात. २०१६ मध्ये इथे दोन डेमोक्रॅटच समोरासमोर आले. एक माइक होंडा, ज्यांचं बालपण दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना ठेवलेल्या छावणीत गेलं. दुसरे रो खन्ना, पंजाबी स्थलांतरितांचे चिरंजीव. खन्ना निवडून आले आणि जानेवारी २०१७ पासून तेच प्रतिनिधी आहेत. एवढ्यावरून 'भारतीयांनी आपला माणूस पाठवला' असं म्हणणं मात्र घाईचं ठरेल.

ते का, हे मिशिगनच्या १३व्या मतदारसंघाकडे बघितलं की कळतं. डेट्रॉइटचा मोठा भाग असलेल्या या मतदारसंघातून २०२२ मध्ये श्री ठाणेदार निवडून आले. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे. तिथे मराठी माणसं नगण्य. मतदारांत कृष्णवर्णीयांचा वाटा मोठा आहे आणि घरटी उत्पन्न देशातल्या मधल्या घरापेक्षा बरंच खाली. लोकसंख्या मात्र जवळपास सारखीच, कारण साचा तोच. जिथे मराठी घरं जास्त तिथला प्रतिनिधी पंजाबी घरातला, आणि मराठी प्रतिनिधी डेट्रॉइटचा. वंशाच्या टक्केवारीवरून निकाल सांगणाऱ्यांनी ही दोन नावं आठवावीत.

मराठी कोणत्या रकान्यात

वंशाच्या प्रश्नात 'एशियन इंडियन' असा वेगळा चौकोन असतो. मराठी, तेलुगू, पंजाबी सगळे त्यातच. वेगळं काही शोधायचं तर भाषेच्या तक्त्याकडे वळावं लागतं, आणि तिथे गंमत नाही, अडचण आहे. 'बी१६००१' या सविस्तर तक्त्यात हिंदी, गुजराती, पंजाबी, बंगाली, तेलुगू, तमिळ यांना स्वतंत्र ओळ आहे. मराठीला नाही. मराठी 'नेपाळी, मराठी आणि इतर भारतीय-आर्य भाषा' अशा एकाच ओळीत आहे. त्या ओळीतले नेमके किती मराठी, हे या तक्त्यातून सांगताच येत नाही. सांगणारा अंदाज बांधतोय असं समजावं.

संक्षिप्त तक्त्यात, म्हणजे 'सी१६००१' मध्ये, मराठी 'इतर इंडो-युरोपीय' गटात जाते आणि तेलुगू-तमिळ 'इतर आशियाई व पॅसिफिक बेटांवरील' गटात. एकाच मजल्यावर समोरासमोर राहणारी कोल्हापूरची आणि गुंटूरची घरं कागदावर दोन खंडांत वाटली जातात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यात चूक नाही. पण 'आशियाई भाषा बोलणारे' या रकान्यावरून भारतीयांचा अंदाज घेणारा माणूस मराठी, हिंदी, गुजराती सगळ्यांनाच वगळून बसतो.

उत्पन्नाचा मध्यक काय सांगतो

या मतदारसंघातल्या घरटी उत्पन्नाचा मध्यक अलीकडच्या वर्षांत १ लाख ७५ हजार डॉलरच्या आसपास किंवा वर आहे. २०२३ मध्ये देशाचा मध्यक ७७ हजार ७०० डॉलरच्या घरात होता. मध्यक म्हणजे सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे ओळीने उभी केली तर बरोबर मधल्या घराचा आकडा. सरासरी इथे वापरूच नये. मोजकी अतिश्रीमंत घरं तिला खेचून वर नेतात.

'घर' म्हणजे काय हेही नीट बघावं. एका छताखाली राहणारे सगळे मिळून एक घर, नातं असो वा नसो. प्रत्येकी दीड लाख डॉलर कमावणारे तीन रूममेट एका अपार्टमेंटमध्ये राहत असतील तर ते साडेचार लाखांचं एक घर. भाडं परवडत नाही म्हणून एकत्र राहणं कागदावर श्रीमंती म्हणून उतरतं! त्यामुळे घरटी उत्पन्नासोबत घरात सरासरी माणसं किती आणि कमावती किती, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणखी दोन भोकं आहेत. शेअर किंवा घर विकून झालेला नफा या पाहणीत उत्पन्न धरत नाहीत. पगार, व्याज, लाभांश, भाडं, पेन्शन हे धरतात. ज्या भागात कंपनीचे शेअर ही संपत्तीची मोठी वाट आहे, तिथे वरच्या टोकाची खरी उंची त्यामुळे दिसत नाही. दुसरं म्हणजे उत्पन्नाच्या तक्त्यातला शेवटचा गट '२ लाख डॉलर आणि अधिक' असा आहे. देशभरासाठी तो पुरतो. इथे मात्र चाळीस टक्क्यांहून जास्त घरं त्या एका गटात कोंबली जातात, आणि २ लाख ५ हजारवालं घर नि २० लाखवालं घर एकाच डब्यात बसतं.

खालच्या टोकाला याहून गंभीर गोष्ट आहे. अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा १९६०च्या दशकातल्या हिशेबावर उभी आहे: साध्या आहाराचा खर्च गुणिले तीन, नंतर महागाईप्रमाणे वाढवत नेलेली. सरकारी योजनांसाठी २०२४ मध्ये चार जणांच्या कुटुंबाला ३१,२०० डॉलर ही मर्यादा होती आणि अलास्का-हवाई सोडून सगळीकडे तीच. मिसिसिपीतही तीच, सँटा क्लॅरातही तीच. त्याच वर्षी सँटा क्लॅरा काउंटीत परवडणाऱ्या घरांच्या योजनेसाठी चार जणांचं कुटुंब 'अल्प उत्पन्न' गटात बसायची मर्यादा १ लाख ४० हजार डॉलरच्या पुढे होती. या दोन रेषांच्या मध्ये जी माणसं आहेत, म्हणजे हॉटेलांत भांडी घासणारी, ऑफिसं झाडणारी, पाळणाघरं चालवणारी, कंत्राटी सुरक्षारक्षक, ती गरिबीच्या अधिकृत टक्केवारीत येत नाहीत. या भागात गरिबी कमी आहे असं कुणी म्हटलं, तर कोणत्या रेषेने, हे विचारायलाच हवं. घरभाडं धरून काढलेलं पूरक दारिद्र्यमापन वेगळं असतं आणि कॅलिफोर्नियाचं चित्र त्यात चांगलंच बिघडतं.

दोन सारखी घरं, दोन घरपट्ट्या

क्युपर्टिनोमधल्या मालकीच्या घरांची मध्यक किंमत तक्त्यात '२०,००,०००+' अशी दिसते. हा नेमका आकडा नाही, तक्त्याची कमाल मर्यादा आहे. पुढचं मोजणंच बंद. वर्षागणिक वाढ बघायची तर हा तक्ता निरुपयोगी आहे.

पण किमतीपेक्षाही इथली रचना ठरते ती १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव १३ मुळे. घरपट्टी खरेदीकिमतीच्या साधारण एक टक्का, आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. समजा १९८५ मध्ये एकाने घर २ लाख डॉलरला घेतलं. चाळीस वर्षं दरसाल दोन टक्के धरले तरी करासाठीची किंमत ४ लाख ४२ हजारच होते आणि मूळ घरपट्टी साधारण ४,४०० डॉलर. शेजारचं हुबेहूब तसंच घर कुणी २०२५ मध्ये २५ लाखांना घेतलं तर २५,००० डॉलर. जुना मालक घर कशाला विकेल? मुलं मोठी होऊन निघून गेली तरी चार खोल्यांत दोन माणसं राहतात, आणि लहान मुलांची कुटुंबं भाड्याच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने. शाळांतला पट, ज्येष्ठांचं प्रमाण, मालक आणि भाडेकरू यांच्या वयातली तफावत, या सगळ्या आकड्यांमागे हा एक नियम उभा असतो. प्रोफाइल वाचताना वय आणि घराची मालकी एकत्र दाखवणारा तक्ता जरूर काढावा. माझ्या मते इथलं समाजचित्र वंशाच्या तक्त्यापेक्षा त्यात जास्त स्पष्ट दिसतं.

कामाला येणारे

क्युपर्टिनोत ॲपल. सँटा क्लॅरात इंटेल, एनव्हिडिया, एएमडी, अप्लाइड मटेरियल्स. मिल्पिटासमध्ये केएलए, सनीवेलमध्ये लिंक्डइन आणि इन्ट्युइटिव्ह सर्जिकल, उत्तर सॅन होजेत सिस्को. फ्रीमाँटला टेस्लाचा कारखाना, जिथे १९८४ ते २०१० जनरल मोटर्स आणि टोयोटा मिळून गाड्या बनवत होत्या. सनीवेल-क्युपर्टिनोच्या परिसरात एकेकाळी जर्दाळू आणि प्लमच्या बागा आणि फळं डबाबंद करणारे कारखाने होते.

या कंपन्यांचा नफा मतदारसंघाच्या प्रोफाइलमध्ये कुठेही येत नाही. 'डीपी०३' या आर्थिक तक्त्यात उद्योगवार नोकऱ्या असतात, पण त्या इथे राहणाऱ्यांच्या. सनीवेलला राहून शेजारच्या माउंटन व्ह्यूमध्ये, म्हणजे दुसऱ्या मतदारसंघात, गूगलला जाणारा इंजिनिअर १७व्यात मोजला जातो. सेंट्रल व्हॅलीतून पहाटे निघून सँटा क्लॅरात काम करणारा सुतार इथे मोजला जात नाही. इथे कोण काम करतं हे हवं असेल तर जनगणना विभागाचंच 'ऑन द मॅप' हे साधन उघडावं. ते मालकांनी भरलेल्या बेरोजगार विम्याच्या नोंदींवर चालतं. त्यात भूभाग निवडून 'इनफ्लो/आउटफ्लो' हा पर्याय घेतला की आत येणारे, बाहेर जाणारे आणि इथेच राहून इथेच काम करणारे असे तीन आकडे समोर येतात. स्वयंरोजगारवाले त्यात नसतात, तेवढं लक्षात ठेवावं.

दरमहा बेरोजगारीचा सरकारी आकडा काउंटी आणि शहरांसाठी निघतो, मतदारसंघासाठी नाही. जीडीपीही काउंटीपर्यंतच. 'मतदारसंघाचा जीडीपी' असा आकडा दिसला तर तो कुणीतरी वाटणी करून काढलेला आहे. वाटणी कशी केली हे दिलं नसेल तर तो वापरू नये.

अधिक-उणे विसरू नका

एसीएस ही नमुना पाहणी आहे, म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी अधिक-उणे चिन्हाचा एक रकाना असतो. तो ९० टक्के खात्रीचा पट्टा. दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्ही अधिक-उणेंचे वर्ग करून बेरीज करा आणि तिचं वर्गमूळ काढा. आकड्यांतला फरक त्याहून मोठा असेल तरच बदल झाला म्हणावं. उदाहरणार्थ, एका वर्षी गरिबी ५.० टक्के (अधिक-उणे ०.६) आणि पुढच्या वर्षी ५.६ टक्के (अधिक-उणे ०.७). वर्गांची बेरीज ०.८५, वर्गमूळ ०.९२. फरक फक्त ०.६. म्हणजे गरिबी वाढली असा मथळा यावरून देता येत नाही. गट जितका लहान तितका हा पट्टा रुंद होतो, आणि 'नेपाळी, मराठी व इतर' या ओळीत तर तो आधी बघावा, आकडा नंतर.

आणि २०२० या वर्षाचा एक वर्षाचा आकडा मालिकेत शोधत बसू नये. महामारीमुळे पुरेसे फॉर्म परत आले नाहीत, म्हणून त्या वर्षी नेहमीचे तक्ते काढलेच नाहीत, प्रायोगिक म्हणून थोडेच दिले. आलेखात २०१९ वरून थेट २०२१ वर जावं लागतं. मधली जागा रेघ ओढून भरू नये, ती मोकळी ठेवावी.